फलाहमामांच्या तंबूतली थंड कॉफी

आई,

आधी तुझ्या हातांचं आणि कपाळाचं चुंबन. मी ठणठणीत आहे. खोकला आहे थोडा, पण तो धुळीचा. बाबांचा गुडघा कसा आहे?

काल पर्यटकांना घेऊन फलाहमामांच्या तंबूत गेलो होतो. रागावू नकोस, सहलींच्या मालकाने पाठवलं. त्यांनी तुला 'पुन्हा येऊ नकोस' म्हटल्याला नऊ वर्षं झाली, तरी गेल्या गेल्या तुझा भाऊ माझ्याशीही बोलला नाही.

पाहुण्यांना मी सगळं शिकवलं होतं. जोडे बाहेर, कप उजव्या हातात, पुरे झालं की कप हलवायचा. एकच सांगायचं राहिलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या इंगाबाईंनी कॉफी फार गरम म्हणून न पिताच खाली ठेवली!

मामा उठून उभे राहिले. "कॉफी घ्या, बाई. जे मागाल ते दिलं."

मी बाईंना समजावलं, "आम्हा वाळवंटातल्या लोकांत न पिता ठेवलेला कप म्हणजे पाहुण्याचं मागणं."

त्या हसल्या. "मला आता काय हवंय? माझ्या वतीने तूच माग."

तोंडून निघून गेलं, "मामा, आईला माहेरी येऊ द्या."

मामांनी काटकीने निखारे सारखे केले. मग म्हणाले, "शब्द दिलाय, गाढवा. बाईंना सांग, कॉफी थंड होतेय."

अंगावर काटा आला, आई. एवढा हट्टी माणूस, एका परक्या बाईच्या कपापुढे नमला!

शुक्रवारी ये. मामा स्वतः कप देतील. खाली ठेवू नकोस, लगेच पी. मागायचं काही राहिलेलं नाही.

तुझा,
नायिफ