सावली चालू केली

३ मार्च, सोमवार
सकाळच्या एसटीनं देगलूरहून लातूरला आले. माझा ल्योक सिद्धेश्वर मला घ्यायला स्टँडवर आला व्हता. डॉक्टरनं रोजची साखर लिहायला ही वही दिली हाय. चौथी शिकलेल्या बाईला कोरी वही दिली तर ती साखरंवर थांबती का. साखर १६२. घर झकास हाय. नळाला पाणी, मला एकटीला खोली, खिडकीतून सकाळचं ऊन. सून महानंदानं माझं गाठुडं उंबऱ्याबाहेरच झटकलं, गावचे ढेकूण नकोत म्हणली. मी म्हणले, ढेकूण बरे, चावताना बोलत तरी न्हाईत.

नात सृष्टी बावीस वर्षांची हाय. घरीच कॉम्प्युटरवर खेळ बनवून राहिली. खेळात एक गाव, गावात ओट्यावर बसलेली म्हातारी, तिला वाट विचारायची. म्हातारीला तोंड पाहिजे व्हतं. माझं घे म्हणले, तसंबी आता कुणाच्या कामाचं न्हाई.

५ मार्च
साखर १५५. सकाळी पूजा करून उठणार, तर सृष्टी म्हणली, आज्जी, अशीच बस, हलू नको. भोवती फिरून फिरून मोबाईलवर दोनशे फोटो काढले. महानंदानं देवाचा झेंडूचा हार माझ्या गळ्यात टाकला आन् डोळे मिटा म्हणली. फोटो निघाल्यावर मला हसू आलं. आम्हा लिंगायतांत मेलेल्याला असंच बसवत्यात. मांडी घालून, कपाळाला भस्म, गळ्यात हार, डाव्या तळहातावर लिंग. मग खड्ड्यात. तसं बोलून दाखवलं. सृष्टी हसली. महानंदा हसली न्हाई.

दुपारी मला पडद्यावर दाखवली. तोंड कणकीच्या गोळ्यावानी, एक सुरकुती न्हाई. केस म्हंजी डोक्यावर चिटकवलेलं पांढरं कापड. ओट्याजवळच्या घंगाळातलं पाणी निळं प्लास्टिक. सावली तर कशालाच न्हाई. मी म्हणले, हे काय शिजवलंस. ती म्हणली, कॉम्प्युटरातलं चित्रं काढायचं कार्ड जुनं हाय. सावली कशी पडावी, पाण्यात तोंड कसं दिसावं, कातडीत उजेड कसा मुरावा, ह्या एकेकाची कृती असती, तिला शेडर म्हणत्यात. कार्डाला जी कृती येत न्हाई ती ते सोडून देतंय. समजलं मला. भाकरीपुरती शिकलेली सून, तिला पुरणपोळी सांगितली तरी ताटात भाकरीच येणार. हे महानंदाला ऐकू जाईल असं म्हणले.

९ मार्च
सृष्टीनं नांदेडहून नवं कार्ड आणलं. एकदम सगळं चालू केलं तर खेळ अडकतोय म्हणून रोज एकेक करणार. आज सावली. लिंबाच्या पानापानाची सावली ओट्यावर हलून राहिली. माझ्या नाकाची ओठावर पडली. लई गोड वाटलं. पुण्याची माणसं सतरा तारखेला खेळ बघायला येणार हायत.

१० मार्च
बारा वाजता गच्चीवर कुरडया घालायला गेले. बाजेची सावली व्हती, परातीची व्हती, महानंदाची पायाशी व्हती. माझी न्हाई. हात वर केला, पाय उचलला. न्हाई. उन्हानं डोळे गेले असतील.

११ मार्च
आज पाणी चालू केलं. घंगाळात माझं तोंड जसंच्या तसं दिसलं. हौसेनं आरशात बघायला गेले तर आरशात मागचं दार दिसलं. नुसतं दार.

१२ मार्च
कातडी चालू केली. पडद्यावर सुरकुती अन् सुरकुती आली. कानातून ऊन लालभडक आरपार. राशनच्या दुकानात मशीननं माझा अंगठा घेतला न्हाई. दुकानदार म्हणला, आज्जी, अंगठ्यावर रेषाच न्हाईत. गाल चाचपले. कणीक.

महानंदानं मला बघितलं आन् मान खाली घातली. डोळे मिटा म्हणणारी तीच.

१३ मार्च
सृष्टीला आरशापुढं माझ्या शेजारी उभी केली, आरशात ती एकटीच. ती पांढरी पडली. जुनं कार्ड परत बसव म्हणले. म्हणली, पुण्याची माणसं येऊन राहिली, आता न्हाई जमत. पण ओट्यावर जागा एकाचीच हाय. दुसरं कुणी बसलं की तुझं चित्र निघंल. मी म्हणले, तुझी आई बसव. महानंदा म्हणली, मेलेल्याच्या जागी मी न्हाई बसायची. म्हंजी पहिल्या दिवसापासून ठावं व्हतं रांडेला.

मग सृष्टी म्हणली, मीच बसते, म्हातारीची पोरगी करू, माझं काय व्हतंय. महानंदा तवा दळणाला गेलती. मला ठावं व्हतं काय व्हतंय. मी पोरीच्या कपाळाला भस्म लावलं. हार घातला. डोळे मिट म्हणले. फोटोबी मीच काढले, ती सांगंल तसे.

१४ मार्च
साखर १४०. गच्चीवर माझी सावली पडली. चांगली लांब. चार चकरा मारल्या. आरशात मी हाय, नाकाचा मस बी हाय. पुरणपोळी केली महानंदानं. दोन खाल्ल्या.

१५ मार्च
सृष्टीची सावली गेली. आरशातलं तोंड गेलं. माझ्याकडं बघून म्हणली, आज्जी, तुला ठावं व्हतं का. मी म्हणले, न्हाई.

१६ मार्च, सकाळ
तिचं तोंड कणकीवानी झालं. भुवया चिटकवल्यावानी. ओठाची फट भरून आली, बोलता येईना. पडद्यावरची पोरगी मात्र अशी देखणी, की दिष्ट काढावी वाटावी. महानंदा तिच्या तोंडावरून हात फिरवत बसली हाय. हात घसरतोय.

दुपार
वही उशीखाली न्हाई.

वही मिळाली. पलंगावर. उघडी. तेरा तारखेचं पान —

बाहेर पाट मांडल्याचा आवाज. भस्माची डबी उघडली. महानंदाचा आवाज, आता एकेक न्हाई, उद्या माणसं येणार, सगळं एकदम चालू —

दोघी आल्या. महानंदाकडं हार. सृष्टीकडं मोबाईल. मांडी घाला म्हणली महानंदा, आत्याबाई, तुम्हाला सवय हाय. मी म्हणले लिहू दे, साखर लिहायची ऱ्हायली. डोळे मिटणार न्हाई म्हणले. सृष्टीनं हात पुढं केला, बिनरेषेचा, गुळगुळीत, माझ्या पापण्यांवर —

साखर १