जीप भंगारात जाऊ नये म्हणून

मी, प्रियदर्शनी गहिनीनाथ तांदळे, वय अठ्ठावीस, राहणार वडवणी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहिते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. तरी मन एका जागी बसत नाही, म्हणून निदान कागद तरी नीट असावेत. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही. सापडलंच तर ते रद्द समजावं.

कलम १. बँकेतली शिल्लक आई मुक्ताबाई हिला. तिने ती स्वतःसाठी वापरावी. अमरसिंहदादाच्या नव्या गाडीच्या हप्त्यात त्यातलं काहीही जाऊ नये.

कलम २. पान्यांची पेटी आणि जॅक नाथा मेकॅनिकला. मोठा पाना त्याच्याकडेच आहे. तो आता कोणी परत मागू नये. ही पेटी वडिलांची. ते जीपने बीडपर्यंत प्रवासी नेत. मला त्यांनी गाडी शिकवली ती आधी कानाने. इंजिन चालू ठेवून डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, "काय म्हनती, सांग."

कलम ३. ही मालमत्ता नाही, मत आहे. तरी नोंदवते. दादाच्या गाडीत एसी कमी करायला पडद्यावर बोट फिरवावं लागतं, म्हणजे रस्त्यावरची नजर काढावी लागते. मागची काच फटीएवढी. बॉनेट इतकं उंच की पुढे उभं असलेलं लेकरू दिसत नाही. कंपन्या गाड्या फुगवत चालल्या आहेत, रस्ते आहेत तेवढेच. एअरबॅग मात्र चांगली गोष्ट आहे. आमच्या जीपला धड सीटचे पट्टेही नाहीत. हे लिहिलं नाही तर अन्याय होईल.

मागे एकदा मी दादासोबत त्याच्या गाडीतून जात होते, तेव्हा गेवराईच्या वाटेवर मेंढरांचा कळप आडवा आला. अशा वेळी जीप पहिल्या गिअरमध्ये हळूहळू सरकू द्यायची, मेंढरं आपोआप वाट देतात. दादाची गाडी मेंढरागणिक स्वतःच ब्रेक मारून ओरडायला लागली. शेवटी मेंढपाळ सिदूमामा काचेशी आले. "मेंढरं न्हाई भेली, ताई. तुमची गाडीच लई भेली. उतरून हाताला धरून न्या तिला." दादाला ते अजून लागलेलं आहे.

कलम ४. जीप. वडिलांनंतर ती रीतसर माझ्या नावावर झाली. दादाला ती भंगारात द्यायची आहे. भंगारात दिल्याच्या दाखल्यावर पुढची गाडी घेताना सूट मिळते. त्याच्या मनात वाईट नाही, पण मी गेल्यावर तो थांबणार नाही. म्हणून जीप चुलतबहीण सुकन्या हिला. तिच्या सासरी दारात दोन गाड्या आहेत, किल्ल्या पुरुषांच्या खिशात. आताही ऑपरेशनसाठी माझ्या सोबतीला यायचं, तर दादाला तिला आणायला जावं लागलं. माझ्या मृत्यूनंतर दादाने जीप विनातक्रार तिच्या हवाली करावी.

इथवर लिहून झाल्यावर दोघे साक्षीदार आले. शेजारच्या वनमालामावशींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "आन तू वाचलीस तर? सुकन्यानं काय तुझ्या मरणाची वाट बघत बसायचं?"

मी उठून जीपची किल्ली सुकन्याच्या हातात दिली.

दुरुस्ती : कलम ४ मी स्वतः खोडलं आहे. कारण, जीप आजच सुकन्याला दिली. नावावर करायचा अर्ज उद्या भरू. दादा दारातून म्हणाला की पोरगी गाडी ठोकणार. ठोकू दे. सुकन्या बाहेर जीपमध्ये बसली आहे, क्लच लवकर सोडून इंजिन बंद पाडते आहे आणि पुन्हा चालू करते आहे. यावर सही करून मी तिच्या शेजारी जाऊन बसणार आहे.

खोडलेल्या मजकुराशेजारी आम्हा तिघांच्या सह्या आहेत.

लिहून देणार : प्रियदर्शनी गहिनीनाथ तांदळे (सही)
साक्षीदार : १. वनमाला घोळवे (सही) २. सोमेश्वर मिसाळ (सही)
ठिकाण : वडवणी
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५