अकराही क्लस्टर हिरवे

सोमवार, ४ मार्च
बायको जाऊन आज सोळा दिवस. ऑफिसला रुजू झालो. साहेब म्हणाले, अहो, अजून पंधरा दिवस घरी थांबा. घरी काय करू म्हटलं. शेवटी तडजोड झाली. शुक्रवारी ग्राहकाचं ऑडिट आहे. क्लाउडवरच्या अकरा क्लस्टरांत, म्हणजे सर्व्हरच्या गटांत, ॲप्सचे पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन साठतात का, ते मी तपासायचं. चूक निघाली तर मुकाट्याने रजेवर जायचं. चूक निघणार नाही. डोकं शांत आहे.

मंगळवार, ५ मार्च
पाच क्लस्टर पाहिले. चारांत एन्क्रिप्शन बंद. पासवर्ड उघडे पडलेले. धक्का बसायला हवा होता. बसला नाही. सेटिंग चालू केलं, हिरवी खूण आली.
ताईचा फोन. एकदा तरी रडलास का रे? म्हटलं, ऑडिट आहे. म्हणाली, आग लाव तुझ्या ऑडिटला आणि जेव आधी.
उद्यापासून सहाला उठणार.

बुधवार, ६ मार्च
आठला उठलो. बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन दहा मिनिटं थांबलो. आत कुणी नव्हतं. झोप अपुरी, दुसरं काही नाही.
आठ क्लस्टर पूर्ण.

गुरुवार, ७ मार्च, दुपारी ४
अकराही हिरवे. शेजारच्या टेबलावरची सहकारी, जिला सगळे फौजदार म्हणतात, विचारत होती, जुने पासवर्ड पुन्हा लिहून घेतलेत ना? म्हटलं, चालू आहे त्याला उगाच हात लावू नये. माझ्याकडे बघत राहिली. अनुभव नाही तिला.

शुक्रवार, ८ मार्च
ऑडिटरनी खुणा पाहून मान डोलावली. मग म्हणाले, एक जुना पासवर्ड थेट स्टोरेजमधून काढून दाखवा. काढला. सगळ्यांसमोर, जसाच्या तसा वाचता आला.
सेटिंग चालू केल्यानंतर जे लिहिलं जातं तेच झाकलं जातं. आधीचं पुन्हा लिहीपर्यंत उघडंच राहतं. हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे.
असे सहाशे बारा निघाले. फौजदारने वीस मिनिटांत सगळे पुन्हा लिहून घेतले. ऑडिटर थांबले म्हणून निभावलं. साहेबांनी ओरडायला हवं होतं. नुसतं ‘अहो’ म्हणाले. रजेचा अर्ज त्यांनीच भरला. मी सही केली.

सोमवार, ११ मार्च, सकाळी सव्वानऊ
आंघोळ झाली. इस्त्रीचा शर्ट घातला. बूटही. खुर्चीत बसून आहे.
ताईचा फोन. काय करतोयस? म्हटलं, काही नाही. म्हणाली, येऊ का मी?
नको म्हणायला कारण सापडलं नाही.