विहिरीतल्या गारगोटीचं भाकीत

बाबा, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल वाईट बोलणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून हे काम मलाच करावं लागतंय. तुम्ही शाळेत रसायन शिकवायचात आणि वर्ध्यात स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचात. उथळ पाण्याला खळखळाट फार.

नाचणगावला काकाच्या विहिरीचं काम चाललं होतं, तेव्हा काळ्या खडकाच्या पोकळीतून पांढऱ्या चकाकत्या गारगोट्या निघाल्या. काकाने त्या माझ्यासाठी फडक्यात बांधून आणल्या. असल्या दगडाने जड पाणी मऊ करतात हे तुम्ही कुठेतरी वाचलं होतंत, तेवढं मात्र खरं निघालं. मी खलबत्त्यात त्यांचा रवा केला, तुम्ही शाळेतून कोबाल्टचा क्षार आणलात आणि आईच्या चुलीच्या कडेला ते भांडं कितीतरी दिवस शिजत राहिलं. धुतल्यावर रवा गुलाबी निघाला. तापल्या तव्यावर टाकला तर निळा झाला. आई हातातली भाकरी विसरून बघत राहिली. आजही तो निळा मला दिसतो आहे.

एवढ्यावर थांबला असतात तर तुमच्याबद्दल माझ्या मनात मान राहिला असता. पण तुम्ही तो निळा रवा बुचाच्या बाटलीत भरलात आणि आल्यागेल्याला सांगू लागलात की हे माझं पर्जन्ययंत्र, बूच काढून ठेवायचं, रवा गुलाबी झाला की पाऊस आला समजा. बिनपावसाच्या गावात पंचांग घेऊन बसणारा जोशीसुद्धा तुमच्यापेक्षा जपून बोलतो.

मृगाच्या तोंडावर काका आला. घर भट्टीसारखं तापलं होतं, खिडकीला वाळ्याची ताटी होती आणि आईने तिच्यावर नुकतंच पाणी मारलं होतं. तुम्ही मोठ्या थाटात रवा बशीत ओतलात. जेवणं होईपर्यंत तो गुलाबी.

"दादा, मंग धूळपेरणी करू का?" काकाने विचारलं. कोरड्या मातीत सरकी टाकायची आणि पावसाची वाट पाहायची, हा जुगार तो एरवी कधी खेळत नसे.

"बिनधास्त कर. चार दिवसांत पानी हाये."

मी म्हणाले, "बाबा, आईनं आत्ताच ताटीवर पानी मारलं ना, त्याच्यानं झाला असंन तो गुलाबी."

"तू मले शिकवून राह्यली का? जा, भांडे घास."

काका माझ्याकडे बघून हसला आणि जाऊन पेरून आला. त्याने मला नाही, मोठ्या भावाला मानलं. पाऊस तीन आठवडे आला नाही. घरात जपून ठेवलेली सगळी सरकी त्याने पेरली होती, ती मुंग्यांनी आणि पाखरांनी खाल्ली. ज्याने कधी कुणापुढे हात पसरला नव्हता, तो काका बियाण्यासाठी दारोदार हिंडला. तुम्ही त्याला काय म्हणालात? "तूच खोल टाकली असशीन." त्यावर तो म्हणाला, "जाऊ दे दादा, मुंग्यायच्या नशिबात होती." त्यानंतर वर्ध्याला आला तरी तो आपल्या घराला वळसा घालून जायचा. आणि तुम्ही बाटली पुसून परत फळीवर ठेवलीत.

पुढे मी याच दगडांच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. बाबा, रंग कोबाल्टच्या अंगचा नसतोच. भोवती पाण्याचे सहा रेणू बसले की त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या एका अंतरावर लागतात आणि तो गुलाबी दिसतो. पाणी उडालं की दगडाच्या आत पिंजऱ्यासारखी बारीक पोकळी असते, तिच्यातले तीन-चार ऑक्सिजन त्याला धरतात, पायऱ्या सरकतात, प्रकाशातला वेगळाच भाग तो खातो आणि निळा दिसतो. तुमचंही तसंच होतं. हेडमास्तरांपुढे गुलाबी, घरी आलात की निळे.

ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. ताटीचं नाव आलं की मुलं हसतात. तुम्हाला हसतात.

पण एका मे महिन्यात प्रयोगशाळेतला कूलर बंद पडला होता, हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. भट्टीतून काढलेला माझा निळा रवा मी उघडाच विसरले. जेवून परत येते तर तो गुलाबी. ताटी नव्हती, पाणी नव्हतं. हा दगड इतका तहानलेला असतो की वैशाखातल्या हवेतूनही पाणी ओढून घेतो. आपल्या घरी ताटी नसती, तरी तो गुलाबीच झाला असता. म्हणजे त्या दिवशी तुम्ही चुकलात आणि मीही चुकले. फक्त माझ्या चुकीने कुणाची सरकी गेली नाही.

हे पत्र कुठे टाकणार, तेव्हा ते इथेच राहील. वर्गात मात्र मी ताटीची गोष्ट अजून तशीच सांगते. मला कुणी अडवत नाही. माझ्यापुढे चूक दाखवणारी आणि भांडी घासायला पाठवता येईल अशी मुलगी बसलेली नाही.