माळ्यावरचं पहिलं पीक

६ जानेवारी

तोड संपली. लाल तेवढीच फळं तोडली – बोटं सुजलीत. फणसाच्या सावलीत चार वर्षं पाणी घालून हे पहिलं पीक. साल काढून, आंबवून, धुतलेल्या बिया आता जाळीच्या खाटांवर वाळतायत. आमच्या वैशाखरे गावात कॉफी म्हणून सगळे हसतात. हसा.

कुंडलिकदादा आज परत बोलला, "पुण्याच्या कॉफीवाल्या मॅडमनी घेतली तर ऱ्हाव दे झाडं. नाय तर जागा फार्महाऊसवाल्याला." सातबारा त्याच्या नावावर.

९ जानेवारी

पाऊस. जानेवारीत! मी मुरबाडला गोण्या आणायला गेलेले, जीपनं येईपर्यंत चिंब. बघते तर खाटा रिकाम्या – आईनं एकटीनं सगळं आत नेलेलं. ओटीवर दोनच पाट्या. बाकीची? "ठेवलीय गो अपी, कोरड्यात." जीव भांड्यात पडला.

१० जानेवारी

अंग कणकणतंय. आई घरात नाही, चूल गार. पेटवली, आंघोळीला पाणी ठेवलं. लाकडं ओली, घरभर धूर. तेवढ्यात आई शेजारच्या तानीकाकूकडून आली – पदरात भाकऱ्या, काकूच्या गॅसवर भाजलेल्या. घरात चूल असताना! आल्याआल्या लाकडं बाहेर ओढून पाणी मारलं. "तापलं ना गो पाणी तुजं?" एवढंच म्हणाली. लाकडं वाचवते म्हातारी.

१३ जानेवारी

ताप. पडून आहे. ऊन पडलं तसं आईनं कॉफी परत खाटांवर टाकली.

२३ जानेवारी

वाळली. थोडी सोलून समीक्षा मॅडमना नमुना पाठवला. कुरिअरवाल्याला दोनदा पत्ता वाचून दाखवायला लावला, तो वैतागला.

३१ जानेवारी

मॅडमचा फोन. किती गोड बोलल्या. "मेहनत दिसते हो, पण कपात धूर लागतोय. नाही घेता येणार." धूर? आईला विचारलं, पावसात कुठं ठेवलेलीस?

"माळ्यावर. भाताचं बी ठेवतो ना, तिथंच."

चुलीच्या बरोब्बर वर! भाताच्या बियाण्याला धूर दिला की कीड लागत नाही, म्हणून तिनं कॉफीलाही दिला. कॉफी धूर पिते, तिला कोण सांगणार. नाही नाही ते बोलले मी. तुझ्या अडाणीपणानं माझी चार वर्षं मातीत गेली, असंही बोलले. ती भांडी घासत राहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं, मग परत भांडी.

१ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. त्यानं मोबाइल काढून जेसीबीवाल्याला फोन लावला.

३ फेब्रुवारी

आई पिशवी भरून शहापूरला मावशीकडे गेली. मी ओट्यावरच होते. थांब म्हणाले नाही.

५ फेब्रुवारी

झाडांत जाऊन बसले. दोन-तीन फळं राहिलीत, लालबुंद. तोडायची इच्छा नाही. जेवायची नाही. सोमवारी जेसीबी येणार.

७ फेब्रुवारी

संध्याकाळी तानीकाकू कालवण घेऊन आली. टेकली, मग म्हणाली, "तुजी आय धोंडीबाय नको सांगू बोलली व्हती. पन पावसात चार दिस तिनं चूल पेटवलीच नाय. माळ्यावर अपीची कॉफी हाय, धूर लागंल – म्हनून भाकऱ्या माज्याकडं भाजायची."

काकू गेल्यावर मागचं पान काढलं. दहा जानेवारी. माझंच अक्षर – चूल गार. पेटवली.