साखर सोळा

दि. ९ मार्च

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचे दोन्ही निरोप मिळाले. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहायला बसले. ह्यांचं नवं काम बरं चाललंय. घरही आता अंगवळणी पडलंय, फक्त जिना अरुंद आहे, आईंना खाली न्यायचं तर दोघं लागतात. आईंची तब्येत सुधारते आहे.

"पायाला थोडं लागलंय," एवढंच ह्यांनी तुम्हाला सांगितलंय. ते थोडं नाही. पण आधी त्या रिपोर्टबद्दल लिहिते.

या देशात आल्या आल्या आईंचं रक्त तपासलं आणि ह्यांनी तुम्हाला फोटो पाठवला. उपाशीपोटीची साखर १६.२. लगेच तुमचा फोन. "शंभराच्या आसपास हवी, आणि सोळा? तिला जेवायला घालतेस ना?" मी म्हटलं, वन्सं, इकडचं माप वेगळं आहे. अठरानं गुणलं की आपला आकडा येतो. दोनशे नव्वदच्या वर जाते, गोड बंद करायला सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "मला गणित शिकवू नकोस. आईला फोन दे."

मी दिला. आई फोन घेऊन खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात तुमच्या मामींचा फोन आला. हवापाणी विचारून झाल्यावर म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाचं पोट ते केवढंसं. त्यात कशाला हात आखडायचा?" माझ्या धाकट्या जावेनं तर आधी खुशालीही विचारली नाही. सून सासूला उपाशी ठेवते, ही बातमी माझ्या माहेरापर्यंत पोहोचली. ती कुठून निघाली हे मी कुणाला विचारलं नाही.

घरात हे आईंच्या ताटाकडे बघत बसायचे. "अजून थोडं वाढ," म्हणायचे. मी डॉक्टरांचं नाव काढलं की, "ताईला काही कळत नाही का?"

मी घरात गोड ठेवणं बंद केलं होतं. तरी आईंच्या उशीखाली बिस्किटांचे पुडे सापडायला लागले. आईंना तर जिना एकट्यानं उतरवत नव्हता. आणत कोण होतं ते तुम्हाला माहीत होतं, वन्सं, तुम्हीच ह्यांना आणायला सांगितलं होतंत. मला सगळ्यांत शेवटी कळलं.

नव्या चपलेनं आईंच्या पायाला फोड आला. तो भरेना, मग काळा पडला. त्या सांगत नव्हत्या, पाय पांघरुणात ओढून घ्यायच्या. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चोवीस होती. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. हेच तुम्हाला कळवलेलं नाही.

सर्जनबाईंनी विचारलं, "घरी यांचं खाणंपिणं कोण बघतं?" मी म्हटलं, मी. मग त्या मला बरंच बोलल्या. मी ऐकून घेतलं. हे शेजारीच उभे होते.

बाहेर बाकावर बसून ह्यांनी मोबाइलवर चोवीसला अठरानं गुणलं. मग पुन्हा एकदा गुणलं. आणि म्हणाले, "ताईला सांगू नकोस. तिच्या जिवाला लागेल."

माझ्या जिवाचं कुणी विचारलं नाही.

शुद्धीवर आल्यावर आईंना मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू तेव्हाच ठामपणे सांगायला हवं होतंस. ती लांब आहे, तिला काय कळणार?" मी त्यांच्या पायाखालची उशी सारखी केली आणि बाहेर आले.

आई आता काठीनं खोलीतल्या खोलीत फिरतात. "आईला माझ्याकडे घेऊन येते," असं तुम्ही त्या रिपोर्टच्या वेळी म्हणाला होतात. आई अजून वाट बघतायत. त्यांना मी काय सांगू ते कळवा.

आणि मामींना तुम्ही स्वतः फोन करा. माझं त्या ऐकणार नाहीत. बोटांचं आधी सांगा, मग आकड्याचं.

आईंना कधीही उपाशी न ठेवलेली,
तुमची भावजय