चौथ्या फेऱ्यास धप्प

मंगळवार, ३ मार्च
एका रॉक-संगीत कार्यक्रमाचा आयोजक सकाळीच छापखान्यात अवतीर्ण. भित्तिपत्रक हवे. दोन चमू, आणि दोन्ही मुख्य! कोणी कोणाचा उपग्रह नाही. सबब दोन्ही नावांची अक्षरे समान उंचीची, समान जाडीची हवीत.

म्हटले, एकाचे नाव तीन अक्षरी, दुसऱ्याचे अकरा. उंची समान ठेवली तर अकरावाले कागदाबाहेर जातात, रुंदी समान ठेवली तर तीनवाले राक्षस होतात.

"काका, गेल्या वेळी अर्ध्या मिलिमीटरवरून गिटारवाला घरी निघून गेला होता!"

तीस वर्षे लग्नपत्रिका छापतो आहे. उभय पक्षांचा अहंकार मला नवा नाही. दोन्ही नावे तिरपी करून गुणाकाराच्या चिन्हासारखी एकमेकांवर टाकली. आता कोणीच वर नाही, दोघेही घसरलेले. आयोजक प्रसन्न.

तीनवाल्यांत ड्रम बडवते ती व्यक्ती म्हणजे आमची एकुलती एक कन्या. हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

गुरुवार, ५ मार्च
जेवताना कन्येस पृच्छा केली – "आल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे नेमके काय?"
"नेहमीच्या रॉकला पर्याय, बाबा."
"मग शांतता का नाही?"
सहधर्मचारिणीने वाढण्याचा डाव माझ्या दिशेने रोखला. मी ताट पुढे केले.

परंतु करार झाला! कन्या स्वमुखाने म्हणाली, "कार्यक्रमाला तीनशे माणसं आली नाहीत तर पुढच्या सोमवारपासून छापखान्यात कामाला येते. आली, तर छापखान्याचं पुन्हा विचारायचं नाही." हस्तांदोलन झाले. आजवर तिकिटे खपली एकेचाळीस.

शुक्रवार, ६ मार्च
दुरुस्तीवाल्यास फोन. आमचे वृद्ध छपाईयंत्र दर चौथ्या फेऱ्यास अडखळते – टक, टक, टक, मग क्षणभर विलंबाने धप्प! चाकाचा एक दाता झिजला आहे. पंचवीस वर्षे दुर्लक्ष केले. आता वारसदार येणार, तर यंत्र निर्दोष हवे. म्हणाला, "भाग मागवतो. महिनाअखेर उजाडेल."

रविवार, ८ मार्च
दैव अनुकूल! आयोजकास प्रेक्षकांसाठी एक माहितीपत्रकही हवे आहे – कार्यक्रमात काय अपेक्षावे. "तुम्हीच लिहा ना काका, तुमची भाषा भारदस्त आहे."

लिहिले. एक अक्षर असत्य नाही. केवळ सत्य असे मांडले की सुज्ञ मनुष्य घरीच बसेल. आसने नाहीत, तीन तास उभे राहावे लागेल व परक्याचे कोपर आपल्या बरगडीत निवास करील. दोन्ही चमू मुख्य असल्याने उशिरा येऊन वा लवकर जाऊन सुटका नाही. मध्यंतरी अर्धा तास एक गृहस्थ 'चेक, चेक, वन, टू' म्हणत राहील. ते गीत नव्हे, टाळ्या वाजवू नयेत. गीतांचे शब्द कळणार नाहीत. कळल्यास खेद वाढेल. शेवटचे गीत शेवटचे नसते – कलावंत रुसल्यागत आत जातात, आणि कोणी समजूत घालण्यापूर्वीच परततात. कान दुसऱ्या दिवशीही गुणगुणतील. वैद्यास दोष देऊ नये.

दोन हजार प्रती. मन थोडे खाते आहे. थोडेच.

मंगळवार, १० मार्च
तिकिटे त्रेपन्न. करुणा वाटली. मग आनंद झाला. मग पुन्हा करुणा.

शुक्रवार, १३ मार्च
अनर्थ!! लोक ते पत्रक एकमेकांस वाचून दाखवतात. मोबाइलवर त्याची छायाचित्रे फिरतात. आमचा बाइंडर धापा टाकत आला – "साहेब, आणखी तीन हजार मागतायत! नाक्यावरचा औषधवाला गिऱ्हाइकाला औषध द्यायचं सोडून कोपराचं वाक्य ऐकवतोय!"
"अहो," सौ. म्हणाली, "तीस वर्षं घरात कुणी हसलं नाही तुमच्या विनोदांना. बाहेर एवढी मागणी आहे, माहीत नव्हतं."
तिकिटे दोनशे सहा. स्वहस्ते कुऱ्हाड, स्वपदी प्रहार.

बुधवार, १८ मार्च
तीनशे बारा.

रविवार, २२ मार्च
काल गेलो. कर्णद्वयी कापूस. सौ.च्या नाही, ती म्हणाली, "मी पैसे भरून आलेय."

नाणेफेकीत अकरावाले आधी ठरले. शब्द कळले नाहीत. त्यानंतर तो गृहस्थ आला आणि माइकपाशी 'चेक' म्हणाला. सभागृह दणाणले! टाळ्या, शिट्ट्या! त्याने बिचकून 'वन' म्हटले – पुन्हा टाळ्या! 'टू'ला तर लोकांनी 'वन्स मोअर' मागितले. तो मनुष्य शेवटी लवून नमस्कार करून गेला. हे सर्व माझ्यामुळे. मान खाली घातली, हसू लपवण्यासाठी.

मग तीनवाले. कन्या दिव्यांत एवढीशी दिसत होती. तिने काठ्या उचलल्या. टक, टक, टक – क्षणभर विलंब – धप्प!

मी ओरडलो, "दाता!" शेजारचा तरुणही "दाता!" म्हणून ओरडला, त्यास काय वाटले कोण जाणे. सौ.ने माझ्या कानांतला कापूस स्वतः काढला. तीनशे चाळीस माणसे त्या झिजलेल्या दात्यावर नाचत होती.

बाहेर कन्या घामाने निथळत आली. "पत्रक मला पाडायला लिहिलंत ना?"
"मी केवळ सत्य लिहिले."
"म्हणूनच खपलं!" मग पाणी पीत म्हणाली, "सगळे विचारतात, हा ठेका कुठून उचललास. मी सांगते, घरचा आहे. पाळणा कुठे ठेवायचात माझा?"

यंत्राशेजारी. इतरत्र ती झोपतच नसे.

दोन्ही चमू येत्या रविवारी दौऱ्यावर निघतात. तीन महिने. करारानुसार मी काहीही विचारले नाही.

सोमवार, ३० मार्च
दुरुस्तीवाला नवा दाता घेऊन आला. दोन-चार फेरे ऐकून म्हणाला, "चौथ्याला मार खातंय." म्हटले, खाऊ द्या. चहा पाजून परत पाठवला.

यंत्र दिवसभर चालू ठेवले. छापायला काही नव्हते.